‘झाडे हवीत की लिफ्ट?’ या प्रश्नाला उत्तर देण्याची घाई करू नका

पत्राचा सारांश : पुण्याच्या कोथरूड भागातील एका वाचक भगिनींनी लिहिले आहे, की त्यांची गृहनिर्माण सोसायटी १९८२ सालची आहे. तिच्यात तीन मजल्यांच्या तीन इमारती आणि ३६ सदनिका आहेत, लिफ्ट नाही. त्या स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहतात. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांच्या सासूबाई दवाखान्याचे काम असल्याखेरीज खाली उतरत नाहीत. सोसायटीचा पुनर्विकास आता ठरत आला आहे. विकसकाने सादरीकरणात सांगितले, की आवारातील ३१ झाडांपैकी २७ काढावी लागतील, दोन दुसरीकडे हलवता येतील आणि बदल्यात ‘महापालिका सांगेल तिथे तिप्पट झाडे’ लावून दिली जातील. फाटकाजवळचे दोन पर्जन्यवृक्ष, मागच्या बाजूचे जांभूळ, पहिल्या सभासदांनी हौसेने लावलेली बकुळीची रांग, आंबे, सोनमोहोर आणि भिंतीलगतचे उंच अशोक असे सगळेच त्यात आले. या भगिनींनी सभेत हरकत घेतली, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, “ताई, तुम्हाला झाडं हवीत की लिफ्ट?” सभा हसली. तेव्हापासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात ‘आडव्या येणाऱ्या बाई’ अशी त्यांची ओळख झाली आहे. संमतीपत्रावर सही करू नये का, महापालिकेत तक्रार करावी का, की मुलगा म्हणतो त्याप्रमाणे हा विषय सोडून द्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात राग कमी आणि अपराधीपणा जास्त दिसला. सासूबाईंना खाली उतरता यावे असे वाटते आणि त्याच वेळी जांभूळ राहावे असेही वाटते, यात आपण काही अप्रामाणिकपणा करत आहोत, असे तुम्हाला वाटू लागले आहे. ते ओझे आधी उतरवून ठेवा. अध्यक्षांचा प्रश्न सभेत टाळी मिळवण्यापुरता चांगला होता, पण तो खरा नाही. लिफ्टला एका खोलीइतकी जागाही लागत नाही आणि लिफ्टच्या खड्ड्यासाठी कोणी २७ झाडे तोडत नाही. झाडे जातात ती प्रामुख्याने वाहनतळासाठी, आणि पुनर्विकासातला हा तपशील एकदा नीट कळला, की तुमच्या तिन्ही प्रश्नांचे रूप बदलते.

नव्या इमारतीचा मुख्य सांगाडा बहुतेक वेळा जुन्या इमारतींच्या जागेवर किंवा तिच्या जवळपास बसतो. झाडे असतात ती कडेला, म्हणजे सीमाभिंत आणि इमारत यांच्यामधल्या पट्ट्यात. तिथे तळघरातील पार्किंगची खोदाई भिंतीच्या जवळपर्यंत येते, तळघरात उतरणारा उतार येतो, उंच इमारतीभोवती अग्निशमन दलाचा बंब फिरावा म्हणून सहा मीटरच्या आसपास मोकळी वाट ठेवावी लागते, आणि उरलेल्या कोपऱ्यांत पाण्याची टाकी, सांडपाणी प्रक्रियेचा संच, रोहित्र व जनरेटर जाऊन बसतात. यांतील बंबाची वाट टाळता येत नाही आणि तिच्याबद्दल वाद घालूही नये. बाकी बहुतेक गोष्टी मात्र वास्तुविशारदाच्या टेबलावर इकडच्या तिकडे होऊ शकतात. तळघराची कड एका बाजूने तीन-चार मीटर आत घेणे, उताराची बाजू बदलणे, दुसऱ्या तळघराऐवजी यांत्रिक पार्किंग घेणे, टाकी तळघराच्या आत नेणे हे सगळे नकाशा कच्चा असताना अर्ध्या तासाच्या चर्चेचे विषय असतात. नकाशा मंजूर झाला, सदनिकांची विक्री सुरू झाली आणि पार्किंगच्या जागांवर नावे पडली, की तेच बदल ‘अशक्य’ होतात.

म्हणून सत्तावीस हा आकडा ऐकून घेण्याऐवजी तो कोणत्या नकाशावरून काढला, हे विचारायला हवे. माझा अंदाज असा, की तसा नकाशा अजून झालेलाच नसावा. सादरीकरणाच्या टप्प्यावर विकसक भूखंड कोरा धरून हिशेब मांडतो, कारण ते त्याला सोपे आणि सुरक्षित असते. चार झाडे ठेवू म्हणावे आणि पुढे एक ठेवता येऊ नये, त्यापेक्षा सगळीच जातील असे सांगून मोकळे व्हावे, हा त्याचा व्यवहार आहे. त्यात दुष्टपणा शोधत बसू नका.

आता तुमच्या बाजूच्या एका गृहीतकाविषयी. ‘एकाही झाडाला हात लागता कामा नये’ असे तुम्ही सभेत म्हणालात, असे पत्रावरून दिसते. ही भूमिका मनाला पटणारी असली तरी ती टिकणारी नाही, आणि सभेच्या हसण्यामागे कदाचित तेही कारण असेल. ३१ झाडे ही ३१ सारखी झाडे नसतात. भिंतीलगतचे उंच, निमुळते अशोक हे बहुधा खोटे अशोक असतील. ते लवकर वाढतात, पुन्हा लावता येतात आणि त्यांची सावली बेताचीच असते. सोनमोहोर मूळचा आग्नेय आशियाकडचा, पर्जन्यवृक्ष अमेरिकेच्या उष्ण भागातला. पण परका म्हणून पर्जन्यवृक्षाला यादीतून काढायला मी तयार नाही. चाळीस-पन्नास वर्षांच्या एका पर्जन्यवृक्षाच्या विस्ताराखाली जेवढी जमीन उन्हापासून वाचते, तेवढी वाचवायला नव्या रोपांना निम्मे आयुष्य लागेल. जुन्या झाडाच्या ढोलीची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. पुण्यात राखी धनेश हा पक्षी अजून दिसतो तो अशा ढोल्यांमुळे. मादी उन्हाळ्यात ढोलीत शिरून, एक फट ठेवून ढोलीचे तोंड लिंपून घेते आणि नर तेवढ्या फटीतून तिला आणि पिलांना भरवत राहतो. सहा फुटांच्या शंभर रोपांत मिळूनही अशी एक ढोली सापडणार नाही. तेव्हा कोणती झाडे वाचवायचीच, कोणती वाचली तर बरे आणि कोणती सोडून देता येतील, असे तीन गट तुम्ही स्वतः करा. अशोकांची रांग तुम्ही आपणहून सोडलीत, तर जांभळाविषयी बोलताना तुमचे म्हणणे ऐकून घेतले जाईल.

‘तिप्पट झाडे’ या आश्वासनाकडेही जरा बारकाईने पाहू. आपल्या राज्यात शहरी झाडांसाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे, आणि जमीन खाजगी असली तरी तो लागू असतो. २०२१ साली त्यात झालेल्या दुरुस्तीनुसार तोडल्या जाणाऱ्या झाडाचे जितके वय, तितकी झाडे बदल्यात लावावी लागतात. ती सहा ते आठ फूट उंचीची असावीत, त्यांचे जिओटॅगिंग, म्हणजे नकाशावर नेमक्या जागेची नोंद, व्हावे आणि सात वर्षे त्यांची निगा राखली जावी, अशी अपेक्षा आहे. पन्नास किंवा अधिक वर्षांच्या झाडाला ‘हेरिटेज ट्री’, म्हणजे वारसा वृक्ष, असा वेगळा दर्जा याच दुरुस्तीने दिला. म्हणजे चाळीस वर्षांच्या एकट्या जांभळापोटी चाळीस झाडे होतात आणि २७ झाडांचा हिशेब सहज काही शेकड्यांत जातो. विकसकाने ‘तिप्पट’ म्हटले ते जुन्या सवयीने म्हटले असेल किंवा कमी खर्च दाखवायला म्हटले असेल. तुम्ही त्याला लेखी विचारा, की प्रत्येक झाडाचे वय किती धरले, ते कसे ठरवले आणि एवढी झाडे लावायला जागा कोणती. हा हिशेब कागदावर आला, की काही झाडे जागेवर ठेवणे त्यालाच स्वस्त वाटू लागते. फाटकाजवळचे पर्जन्यवृक्ष सोसायटीच्या आधीपासून तिथे असतील, तर जुने छायाचित्र, मूळ भूखंडाचा नकाशा किंवा पहिल्या सभासदांपैकी कोणाची आठवण यावरून त्यांचे वय पन्नासच्या पुढे आहे का, हे अवश्य शोधा.

बदल्यात लावायच्या झाडांची जागा हाही दुखरा विषय आहे. शेकडो झाडे तुमच्या आवारात मावणार नाहीत हे उघड आहे, म्हणून ती कुठल्या तरी टेकडीवर किंवा शहराच्या कडेला जातात. पुण्याच्या टेकड्यांवरचे माळ ही मोकळी पडून राहिलेली जागा नव्हे. तिथल्या गवतावर जगणारे पक्षी आणि कीटक वेगळे आहेत, आणि दाट रोपांच्या रांगांनी त्यांचीच अडचण होते. शिवाय टेकडीवर लावलेले रोप जगले, तरी तुमच्या गल्लीतला वैशाख त्याने काही सौम्य होत नाही.

पुनर्रोपणाविषयी फार आशा ठेवू नका, निदान जांभळाच्या आणि आंब्याच्या बाबतीत तर नकोच. वड, पिंपळ, उंबर या कुळातली झाडे हलवल्यानंतर तुलनेने बरी तग धरतात. खोल सोटमुळावर उभी असलेली मोठी झाडे क्वचितच धरतात. हे काम नीट करायचे तर मुळांची छाटणी टप्प्याटप्प्याने काही महिने आधी सुरू करावी लागते, मातीचा मोठा गड्डा बांधून न्यावा लागतो आणि नव्या जागी दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावे लागते. प्रत्यक्षात आदल्या दिवशी फांद्या छाटतात, दुसऱ्या दिवशी क्रेन येते आणि तिसऱ्या दिवसानंतर तिकडे कोणी फिरकत नाही. मुंबईत मेट्रो-३ साठी हलवलेल्या झाडांपैकी अनेक झाडे जगली नाहीत, आणि तिथे तर प्रकरण न्यायालयापर्यंत गेलेले होते.

आता तुमच्या तीन प्रश्नांकडे येऊ.

सही न करण्याने काय साधेल? राज्य शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या कार्यपद्धतीनुसार पुनर्विकासाला एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरते. ३६ सभासदांत ती १९ जणांवर होते. तुमच्या एकट्या नकाराने काम थांबणार नाही, कडवटपणा मात्र वाढेल, आणि पुढे नकाशावर चर्चा करायची वेळ येईल तेव्हा तुम्हाला कोणी बोलावणार नाही. माझे मत असे, की पुनर्विकासाला तत्त्वतः संमती द्या आणि ती देताना झाडांविषयीच्या अटी लेखी मांडा. सभासदांच्या लेखी सूचना विचारात घेण्याला त्या कार्यपद्धतीत जागा आहे. घरी सासूबाई आहेत आणि लिफ्टची गरज तुम्हालाच सर्वांत जास्त आहे, हे तुमच्या म्हणण्याचे बळ आहे. ते लपवू नका.

महापालिकेत आत्ता तक्रार करण्यात अर्थ नाही, कारण अजून कोणी अर्ज केलेला नाही. अर्ज झाल्यावर वृक्ष अधिकाऱ्याने पाहणी करायची असते, झाडावर सूचना लावायची असते, वृत्तपत्रात जाहीर सूचना द्यायची असते आणि लोकांच्या हरकती घ्यायच्या असतात. हे सगळे कायद्यात आहे आणि त्याचा वापर जरूर करावा. पण महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणापुढे प्रकरण येते तेव्हा बहुधा नकाशा ठरलेला असतो आणि प्रश्न एवढाच उरतो, की हे झाड बांधकामात येते की नाही. येते, असे उत्तर नकाशाने आधीच देऊन ठेवलेले असते. हरकत घेणाऱ्यांचा तिथे वर्षानुवर्षे जो हिरमोड होतो, त्याचे मोठे कारण हे आहे.

न्यायालयांची दृष्टी मात्र बदलते आहे, आणि ती तुमच्या सभासदांच्या कानावर घालण्यासारखी आहे. जमीन आपली, झाड आपले, मग विचारणारे कोण, असे म्हणणाऱ्यांना वृंदावनचे प्रकरण सांगा. तिथे सप्टेंबर २०२४ मध्ये विनापरवाना ४५४ झाडे तोडली गेली. त्यांतील बहुतेक खाजगी जमिनीवरची होती. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने प्रत्येक झाडामागे एक लाख रुपयांचा दंड कायम ठेवला. त्याआधी, मूळचे नागपूरचे असलेले शरद बोबडे सरन्यायाधीश असताना, पश्चिम बंगालमधील रेल्वे उड्डाणपुलांसाठी तोडायच्या झाडांच्या प्रकरणात नेमलेल्या तज्ज्ञ समितीने एका झाडाचे मोल वर्षाला ७४,५०० रुपये धरले होते. हा आकडा अंतिम सत्य आहे असे मी म्हणणार नाही. झाडाची किंमत लाकडाच्या वखारीतल्या भावाने करायची नसते, एवढे सांगायला तो उपयोगी पडतो.

मुलाचा सल्ला प्रेमापोटी आहे. विषय सोडून देण्याला माझी हरकत नाही, पण आज नको. नकाशा होण्याआधीचे दोन-तीन महिने हीच या कामाची वेळ आहे, आणि त्यानंतर तुम्ही थकून बाजूला झालात, तरी तुम्हाला कोणी बोल लावू शकणार नाही.

या दोन-तीन महिन्यांत काय करावे? एखाद्या रविवारी सकाळी खडू, मोजपट्टी आणि सोसायटीचा जुना नकाशा घेऊन आवारात उतरा. प्रत्येक झाडाला क्रमांक द्या, जमिनीपासून सुमारे साडेचार फुटांवर बुंध्याचा घेर मोजा, सीमाभिंतीपासूनचे अंतर मोजा आणि विस्तार किती पावलांचा आहे तेही लिहा. काम बघायला मुले येतील, मागोमाग एखादे आजोबा येतील आणि बकुळ कोणी आणली होती ते सांगतील. व्हॉट्सॲप गटात गप्प असलेले चार-पाच जण अशा वेळी समोर येतात. तुम्ही एकट्या आहात हे तुमचे दुसरे गृहीतक आहे, आणि मला ते खरे वाटत नाही. जे हसले त्यांतले काही संकोचाने हसले असतील.

ही यादी हाती आली, की सोसायटीच्या प्रकल्प सल्लागाराकडे समितीमार्फत दोन मागण्या करा. मोजणीच्या नकाशात प्रत्येक झाड आणि त्याच्या विस्ताराचा घेर दाखवावा, ही पहिली. निविदा मागवताना ‘ही आठ झाडे राखून आराखडा द्यावा’ अशी अट घालावी, ही दुसरी. आठ हा आकडा मी उदाहरणादाखल घेतला आहे. तुमच्या यादीतून तो सहा निघेल किंवा अकरा निघेल. अट निविदेत असली, की सर्व विकसकांना ती सारखीच लागू होते आणि कोणी कोणावर मेहरबानी करत नाही. एखाद्याच्या आराखड्यात सहा झाडे राहत असतील आणि प्रत्येक सदनिकेमागे थोडे क्षेत्रफळ कमी पडत असेल, तर तो हिशेब सभेपुढे उघड मांडा. कदाचित सभा क्षेत्रफळच निवडेल. तो तिचा अधिकार आहे, पण मग तो निर्णय डोळ्यांसमोर आकडे ठेवून झालेला असेल.

विकसन करारनाम्यात राखायच्या झाडांची क्रमांकासह यादी जोडा. इथे एक बारकावा सांगतो, कारण वाचवलेली झाडेही पुढे मरतात ती याच अज्ञानामुळे. झाडाला अन्नपाणी पुरवणारी बारीक मुळे खोल नसतात. ती वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि फांद्यांच्या टोकांच्याही बाहेर पसरलेली असतात. बुंध्याला धक्का न लावता जेसीबीने चार फुटांवर चर खणला, तर झाड त्या दिवशी हिरवेच दिसते आणि दोन पावसाळ्यांनी वादळात कोसळते. मग झाडेच धोकादायक असतात, असे म्हणायला सगळे मोकळे. म्हणून विस्ताराच्या कडेवर पत्र्याचे कुंपण, त्याच्या आत राडारोडा, सिमेंटचे धुणे किंवा मजुरांच्या झोपड्या नकोत, आणि झाड मेल्यास ठरावीक रक्कम बँक हमीतून वळती करावी, असे कलम हवे. काम संपल्यावर बुंध्याशी पेव्हर ब्लॉक भिडवू नयेत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर परिघातले काँक्रीट काढायला लावले होते. तेवढी माती करारात आधीच मागून घ्या. तळघराच्या स्लॅबवर बाग करण्याचे आश्वासन मिळाले, तर मातीची खोली विचारा. फूटभर मातीत हिरवळ वाढते, बहावा किंवा तामण वाढत नाही.

रस्तारुंदीकरणात घरासमोरची झाडे जाणार आहेत, अशी पत्रेही बरीच येतात. त्या वाचकांनाही मी हेच सांगेन, की हरकत घेताना ‘झाडे वाचवा’ एवढेच लिहू नका. झाडाचा क्रमांक, त्याची जागा आणि ते राखून पदपथ किंवा मार्गिका कशी वळवता येईल हे लिहा. सांगली जिल्ह्यातील भोसे गावचा सुमारे चारशे वर्षांचा वड २०२० साली रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आखणीत येत होता. लोकांनी आवाज उठवल्यावर आखणी बदलली. वळवता येणारी रेघ कोणती, हे अधिकाऱ्याला दाखवून दिले, की त्याला निर्णय घेणे सोपे जाते.

इतके करूनही जांभूळ जाईल, अशी शक्यता आहे. तसे झाले तर तोड निदान उन्हाळ्यातल्या विणीच्या हंगामानंतर व्हावी आणि बदल्यातली काही झाडे तुमच्याच प्रभागात, रस्त्याच्या कडेला लावली जावीत, असा आग्रह धरा. अध्यक्षांशी मात्र आजच बोला, तेही सभेत नाही, त्यांच्या घरी जाऊन. लिफ्ट मलाही हवी आहे, असे आधी सांगा आणि मग पार्किंगचा कच्चा नकाशा दाखवायला सांगा. त्यानंतर पुढच्या विशेष सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत झाडांची यादी आणि निविदेतील अट हे दोन विषय घालण्यासाठी समितीला लेखी पत्र द्या, आणि त्याची सही-शिक्क्यासह पोच घ्यायला विसरू नका.